हांदाच्या व्हिनेगर-संग्रहालयात सुशीचा इतिहास पाहताना

नागोया शहराच्या दक्षिणेला चिता नावाचे अरुंद द्वीपकल्प समुद्रात शिरते आणि त्याच्या पूर्व किनाऱ्यावर हांदा हे जुने बंदर आहे. व्हिनेगर तयार करणारी मित्सुकान ही कंपनी या गावात १८०४ सालापासून आहे आणि आपल्या जुन्या जागेतच ती व्हिनेगरचे एक संग्रहालय चालवते. १९८६ मध्ये ते वेगळ्या नावाने सुरू झाले. पुढे सगळी मांडणी नव्याने होऊन नोव्हेंबर २०१५ मध्ये ‘मित्सुकान म्युझियम’ या नावाने ते पुन्हा खुले झाले. दारावरच्या पाटीत सुशीचा उल्लेख नाही. तरीही सुशी आज ज्या रूपात जगभर खाल्ली जाते ते रूप तिला कसे आले, हे ज्याला समजून घ्यायचे आहे त्याने टोकियोतल्या एखाद्या नामांकित सुशीच्या दुकानात जाण्याआधी हांदाला यावे, असे माझे आता ठाम मत झाले आहे.

आमच्या जाण्याला निमित्त झाले ते ताईच्या एका प्रश्नाचे. माझी मोठी बहीण म्हापशाहून माझ्याकडे नागोयाला आली होती. फिरत्या पट्ट्यावरून सुशीच्या बशा येतात अशा एका दुकानात मी तिला नेले होते. तिने सगळे चवीने खाल्ले, पण तिचे लक्ष माशापेक्षा भाताकडे जास्त होते. “मासा कच्चा ठेवायचा आणि भात मात्र आंबट करायचा, हे कोणाला नि का सुचलं असेल?” असे तिने विचारले. मी जपानमध्ये राहून इतकी सुशी खाल्ली, पण हा प्रश्न मला असा सरळ कधी पडला नव्हता. सुशीच्या इतिहासावर थोडेफार वाचलेले होते. त्यातले जमेल तेवढे मी तिला सांगितले आणि उरलेले प्रत्यक्ष दाखवावे म्हणून हांदाचे नाव काढले.

या संग्रहालयात आधी वेळ ठरवून जावे लागते. संकेतस्थळावर दिवस आणि तास निवडायचा, माणसांची संख्या कळवायची आणि ठरलेल्या वेळेच्या थोडे आधी हजर व्हायचे. आतल्या सगळ्या दालनांमधून मार्गदर्शकाबरोबरच फिरायचे असते, आणि पूर्ण फेरीला साधारण दीड तास लागतो. आमच्या गटाची माहिती जपानी भाषेत होती, तेव्हा मी ताईला हळू आवाजात मराठीत सांगत राहिलो. नागोयाहून रेल्वेने ओबु स्थानकापर्यंत आणि तेथून ताकेतोयो मार्गावरच्या गाडीने हांदापर्यंत हा प्रवास सोपा आहे. स्थानकापासून संग्रहालय पायी काही मिनिटांवर आहे.

त्या काही मिनिटांतच गावाचा स्वभाव कळतो. एक कालवा समुद्राकडे जातो आणि त्याच्या काठाने काळ्या फळ्यांच्या भिंतींची लांबलचक कोठारे उभी आहेत. पूर्वी याच कालव्यातून व्हिनेगरची आणि साके या तांदळाच्या मद्याची पिंपे होड्यांतून मोठ्या जहाजांपर्यंत जात असत. हवेत आंबूस वास असतो; तो नाकाला झोंबत नाही, पण वाऱ्याची दिशा बदलली की स्पष्ट जाणवतो. जपानच्या पर्यावरण मंत्रालयाने २००१ मध्ये देशातल्या जतन करण्यासारख्या शंभर सुगंधी परिसरांची यादी केली, त्यात हांदाच्या व्हिनेगर आणि साकेच्या कोठारांचा समावेश आहे. एखाद्या गावाचा वास हा सरकारला वारशासारखा जपावासा वाटतो, ही गोष्ट मला फार मोलाची वाटते.

आत जाण्यापूर्वी ताईला मी जे सांगितले होते ते येथे थोडक्यात मांडतो, कारण त्यावाचून पुढचे नीट कळणार नाही. सुशीचा आरंभ मासा टिकवण्याच्या खटाटोपात आहे. आग्नेय आशियातल्या भातशेतीच्या प्रदेशांत, जेथे पावसाळ्यात मासळी उदंड आणि नंतर तुटवडा असे, तेथे माशाला मीठ लावून तो शिजवलेल्या भातात दाबून ठेवण्याची पद्धत होती. भात आंबतो, त्यातून तयार होणारे लॅक्टिक आम्ल माशात मुरते आणि मासा कित्येक महिने टिकतो. ही रीत जपानमध्ये पोचली ती फार जुन्या काळी. ७१८ सालच्या कायद्यात कराच्या रूपाने द्यावयाच्या वस्तूंमध्ये अशा सुशीचा उल्लेख आहे आणि दहाव्या शतकातल्या नियमावलीत कोणत्या प्रांताने कोणती सुशी राजधानीला पाठवायची हे लिहिलेले आहे. बिवा सरोवराच्या काठी आजही होणारी फुनाझुशी ही या जुन्या पद्धतीची जिवंत वंशज आहे. त्यासाठी सरोवरातला निगोरोबुना जातीचा मासा वसंतात मिठात घालतात, उन्हाळ्यात धुऊन भातात भरतात आणि दडपणाखाली ठेवून हिवाळ्यापर्यंत, कधी त्याहूनही अधिक काळ मुरवतात. तिच्यातला भात बहुतेक खरवडून टाकला जातो. खायचा तो मासा.

म्हणजे भात आधी साधन होता. पुढे साधारण मुरोमाची काळात, चौदाव्या ते सोळाव्या शतकांत, लोक वाट पाहण्याचा काळ कमी करू लागले. मासा पुरता मुरायच्या आत, भाताला नुकता आंबटपणा आलेला असतानाच सुशी काढून भातासकट खाल्ली जाऊ लागली. आणि एदो (आजचे टोकियो) या शहराच्या नावाने ओळखल्या जाणाऱ्या एदो काळात, म्हणजे सतराव्या शतकापासून, आंबण्याची वाटच न पाहता भातात सरळ व्हिनेगर घालायचे, असा मार्ग रूढ होत गेला. आंबट चवीची सवय जिभेला होतीच. आता ती चव काही तासांत, आणि मग काही मिनिटांत मिळू लागली. ताईच्या प्रश्नाचे अर्धे उत्तर हेच आहे की भात आधीपासूनच आंबट होता, आणि मासा ताजा खाणे ही गोष्ट फार नंतरची आहे. उरलेले अर्धे उत्तर हांदाच्या कोठारांत होते.

संग्रहालयाचे पहिले मोठे दालन व्हिनेगर कसे तयार होत असे ते दाखवते. ‘भूमीचे कोठार’ अशा अर्थाचे त्याचे नाव आहे. उंच छत, जुन्या तुळया, माणूस उभा बुडेल एवढी लाकडी पिंपे आणि त्यांच्या बाजूला शिड्या, ढवळण्याची दांडकी, गाळण्याच्या कापडी पिशव्या. मार्गदर्शक बाईंनी (आमच्या गटाला माहिती देणाऱ्या त्या तरुण बाई फार आस्थेने बोलत होत्या) सर्वप्रथम साकेचा चोथा दाखवला. तांदूळ, कोजी (विशिष्ट बुरशी वाढवलेला तांदूळ) आणि पाणी यांपासून साके आंबवतात. तयार झालेले द्रव्य पिळून काढले की मागे पांढरट, ओलसर चोथा उरतो. त्यात अल्कोहोल राहिलेले असते, शिवाय तांदळाची साखर आणि प्रथिनेही असतात. चिता द्वीपकल्प साके गाळणाऱ्यांचा मोठा प्रदेश होता आणि एदो शहराला येथून साके जात असे, त्यामुळे चोथ्याला तोटा नव्हता.

कंपनीचे संस्थापक नाकानो माताझाएमोन (१७५६ ते १८२८) हे मुळात साकेच्याच व्यवसायातले. १८०४ च्या सुमारास ते एदोला गेले असता तेथे व्हिनेगर घातलेल्या भाताची सुशी लोकप्रिय होत चालल्याचे त्यांनी पाहिले. तोवर या भातासाठी तांदळापासून केलेले व्हिनेगर वापरत असत आणि ते महाग पडे. चोथ्यापासून केलेले व्हिनेगर स्वस्त पडेल आणि त्यातला गोडसर, भरीव स्वाद भाताला अधिक शोभेल, असे त्यांच्या मनाने घेतले. कागदावर हे सोपे वाटते. प्रत्यक्षात साके गाळणाऱ्या घराने व्हिनेगर करायला घेणे म्हणजे आपल्याच पायावर धोंडा पाडून घेण्याचा धोका पत्करणे होते. ज्या जिवाणूंमुळे व्हिनेगर होते तेच साकेत शिरले तर अख्खे पिंप आंबट होऊन वाया जाते, आणि म्हणून साके करणारे लोक या जिवाणूंना कमालीचे घाबरत. माताझाएमोन यांनी हा धोका जाणूनबुजून पत्करला. मला या सगळ्या कथेत हा माणूस सर्वांत धाडसी वाटतो. सुशीच्या लोकप्रिय इतिहासांत त्याचे नाव क्वचितच येते याचे मला वाईट वाटते.

यानंतर प्रक्रियेचे टप्पे एकामागून एक येतात आणि येथे मी फार वेळ रेंगाळलो. चोथा मोठ्या पिंपात दाबून भरतात आणि तसाच मुरू देतात. चांगल्या प्रतीच्या व्हिनेगरसाठी हा काळ तीन वर्षांपर्यंत जातो. वेगवेगळ्या वयाच्या चोथ्याचे नमुने शेजारीशेजारी ठेवलेले होते. नवा चोथा जवळजवळ पांढरा. पुढचा ओल्या वाळूच्या रंगाचा. सर्वांत जुना इतका गडद तपकिरी की तो मुळात त्याच पदार्थाचा आहे यावर विश्वास बसू नये. त्यातली साखर आणि अमिनो आम्ले यांचा एकमेकांशी संयोग होऊन हा रंग येतो, आणि रंगाबरोबर चवही दाट होते. मुरलेला चोथा पाण्यात कालवतात, ते मिश्रण पिशव्यांत भरून दाबाखाली पिळतात आणि निघालेला द्रव गरम करून त्यात आधीचे थोडे तयार व्हिनेगर मिसळतात. या जुन्या व्हिनेगरबरोबर जिवाणू आणि आंबटपणा दोन्ही येतात, त्यामुळे नको ते जंतू वाढत नाहीत आणि हवे ते लवकर जोम धरतात.

पुढे एक काच आहे आणि तिच्यापलीकडे व्हिनेगर खरोखर आंबत असते. आमच्या फेरीतला हा भाग मला सर्वांत जास्त आवडला. उथळ, रुंद पिंपांत द्रव स्थिर ठेवलेला असतो, कोणी ढवळत नाही. या जिवाणूंना प्राणवायू लागतो, म्हणून ते पृष्ठभागावरच वाढतात आणि दुधावर साय धरावी तसा त्यांचा एक पातळ पडदा द्रवावर धरतो. मार्गदर्शक बाईंनी तो पडदा कडेपासून मध्याकडे कसा पसरत जातो आणि पिंपातला द्रव वरून खाली, खालून वर कसा आपोआप फिरत राहतो, ते हाताने गोल रेखून समजावले. पडद्याखाली आम्ल तयार होताना उष्णता निर्माण होते, त्यामुळे द्रवाची ही संथ हालचाल चालू राहते. आजच्या मोठ्या कारखान्यांत द्रवात हवा सोडून हेच काम कितीतरी कमी वेळात उरकतात. पण या संथ पद्धतीत जे सुगंधी घटक तयार होतात आणि टिकतात, त्यांच्यासाठी काही उत्पादनांना अजूनही तीच वापरतात.

येथे वासही घेऊ देतात. ताईने दीर्घ श्वास घेतला आणि लगेच म्हणाली, “अरे, हा तर आपल्याकडच्या सुरेच्या व्हिनेगरचा वास!” तिचे म्हणणे अगदी रास्त होते. गोव्यात माडाची सूर काढून ती आंबू दिली की आधी तिच्यात अल्कोहोल होते आणि मग हवेतले हेच जिवाणू त्या अल्कोहोलचे व्हिनेगर करतात. म्हापशाच्या बाजारात ते बाटल्यांतून मिळते, आणि ख्रिस्ती घरांत सोरपोतेल, विंदालू, सुक्या माशांचे पारे यांना त्याशिवाय चव येत नाही. आमच्या घरी आंबटपणासाठी भिंडाची, म्हणजे कोकमाची, सोलेच चालत, तरी शेजारच्या घरातला तो वास तिला लहानपणापासून ओळखीचा. जपानमध्ये तांदळाचा चोथा, गोव्यात माडाचा रस. मधली रसायनक्रिया एकच. ताईने मला हे मार्गदर्शक बाईंना सांगायला लावले. त्यांनी माडापासून व्हिनेगर होते हे लक्षपूर्वक ऐकले आणि त्याची आंबट चव तांदळाच्या व्हिनेगरपेक्षा वेगळी लागते का, असे विचारले. “जास्त तिखट, म्हणजे नाकात जाणारा,” असे ताईने उत्तर दिले आणि मी ते जमेल तसे जपानीत सांगितले.

त्यानंतरच्या लांब मार्गिकेत हांदाची जुनी छायाचित्रे लावलेली आहेत. ती पाहण्यासारखी आहेत, पण सुशीशी त्यांचा संबंध दूरचा. आम्ही तेथून लवकर पुढे गेलो. पुढच्या दालनात मात्र एक जहाज उभे आहे. एदो काळात किनाऱ्याकिनाऱ्याने माल नेणारी जी एकशिडाची लाकडी जहाजे होती, त्यांतल्या एकाची सुमारे वीस मीटर लांबीची प्रतिकृती येथे बांधली आहे. तिच्या डेकवर आपल्याला बसवतात आणि समोरच्या भल्या मोठ्या पडद्यावर हांदाहून एदोपर्यंतचा प्रवास दाखवतात. लाटा, वारा, वादळ, आणि शेवटी एदोचे गजबजलेले बंदर. मुलांना हा भाग आवडणारच, पण मला त्यातून एक गोष्ट पक्की समजली. व्हिनेगर जड, पिंपे मोठी, रस्ते डोंगराळ. समुद्राचा मार्ग नसता तर चिता द्वीपकल्पातले स्वस्त व्हिनेगर एदोत स्वस्त राहिलेच नसते. साकेची वाहतूक करणाऱ्या जहाजांची व्यवस्था आधीपासून होती, आणि व्हिनेगर त्याच व्यवस्थेवर एदोला पोचले.

 अठराव्या शतकात एदोची लोकसंख्या दहा लाखांच्या घरात गेली होती आणि त्यांत कामधंद्यासाठी आलेले एकटे पुरुष फार मोठ्या संख्येने होते. सुतार, गवंडी, हमाल, दुकानांतले नोकर. यांना उभ्या उभ्या, लवकर आणि थोड्या पैशांत पोट भरेल असे खाणे हवे होते. रस्त्यांवर सोबाच्या शेवयांचे, तेम्पुरा या तळलेल्या पदार्थाचे आणि सुशीचे गाडे लागत. याच शहरात १८२० च्या दशकात हानाया योहेई (१७९९ ते १८५८) यांनी र्योगोकु भागात हाताने दाबून केलेली निगिरी सुशी विकली आणि ती लोकांनी डोक्यावर घेतली. निगिरीचा शोध त्यांनी एकट्यानेच लावला असे म्हणता येणार नाही, पण तिला घडवून लोकप्रिय करण्याचे श्रेय परंपरेने त्यांना दिले जाते. ओसाकाकडची सुशी लाकडी साच्यात भात आणि मासा दाबून, काही वेळ ठेवून, मग कापून देत. निगिरीत हा वेळही उरला नाही. गिऱ्हाईक समोर उभे, हातात भाताचा गोळा, त्यावर मासा, दोन-तीन वेळा दाबले की झाले.

त्या काळच्या निगिरीच्या प्रतिकृती येथे पाहायला मिळतात, आणि त्या पाहून ताई थबकली. एकेक नग आजच्या सुशीच्या दुप्पट ते तिप्पट होता. एक नग हातात घेतला तर तळवा भरून जाईल. दोन-तीन खाल्ले की जेवण झाले, असा तो हिशेब. भाताचा रंगही पांढरा नव्हता. मुरलेल्या चोथ्याच्या व्हिनेगरमुळे त्याला तांबूस छटा येत असे, आणि त्या व्हिनेगरला जात्याच गोडी असल्यामुळे वेगळी साखर घालावी लागत नसे. साखर त्या काळी महाग होती, त्यामुळे गाडेवाल्यांच्या दृष्टीने हा मोठाच फायदा होता. १८४५ च्या सुमारास कंपनीने आपल्या उत्तम प्रतीच्या व्हिनेगरला ‘यामाबुकी’ हे एका पिवळ्या फुलाचे नाव दिले, आणि ते नाव आजही बाटलीवर असते.

माशाकडेही येथे नीट पाहायला हवे, कारण आपल्या मनातली ‘कच्चा मासा’ ही कल्पना येथे ढळते. बर्फ नव्हता. त्यामुळे गाड्यावरचा मासा बहुधा काही ना काही संस्कार केलेला असे. कोहादा नावाचा रुपेरी लहान मासा मिठात ठेवून व्हिनेगरमध्ये बुडवत. आनागो ही समुद्रातली वाम गोडसर रसात शिजवत. कोळंबी उकडत. टूना, म्हणजे मागुरो, सोया सॉसमध्ये मुरवून ठेवत, आणि त्याच्या पोटाकडचा चरबीचा भाग, ज्याला आज सर्वाधिक किंमत येते, तो लवकर नासतो म्हणून हलका समजत. १८५३ च्या सुमाराच्या एका तपशीलवार लिखाणात एदोतल्या निगिरीचे प्रकार आणि दर दिलेले आहेत: बहुतेक नग आठ मोन या नाण्यांना आणि अंड्याच्या पोळीची सुशी सोळा मोनला. म्हणजे अंडे टूनाच्या दुप्पट महाग होते. ताईला मी हे सांगितले तेव्हा ती म्हणाली की मग मघाच्या तिच्या प्रश्नात दुरुस्ती करायला हवी. भात आंबट आणि मासाही कुठे मिठात, कुठे व्हिनेगरमध्ये, कुठे सोयात घातलेला, म्हणजे दोघांचे काम एकच, टिकवण्याचे आणि चव आणण्याचे. मला तिचे हे म्हणणे संग्रहालयातल्या कोणत्याही फलकापेक्षा नेमके वाटले.

शेवटच्या उजेडाच्या दालनात खेळकर गोष्टी आहेत. निगिरी वळण्याची रीत तेथे करून पाहता येते, व्हिनेगर घातलेली पेये चाखता येतात आणि स्वतःचे छायाचित्र छापलेली सॉसची बाटली विकत घेता येते. वळण्याच्या सरावात एक बारीक गोष्ट मला समजली. भाताचा गोळा बोटांनी आवळायचा नसतो; डाव्या हाताच्या खळग्यात तो टेकवून उजव्या हाताच्या दोन बोटांनी फक्त आकार द्यायचा असतो, म्हणजे हातात असेतो तो एकसंध राहतो आणि तोंडात गेल्यावर शिते सुटी होतात.

हे संग्रहालय एका कंपनीचे आहे, हे ध्यानात ठेवूनच ते पाहायला हवे. व्हिनेगरचा भात माताझाएमोन यांच्या आधीपासून होता आणि तांदळाचे व्हिनेगर तर जपानमध्ये कितीतरी शतके जुने. त्यांनी केले ते एवढेच, पण ते फार मोठे आहे: सामान्य माणसाच्या गाड्यावरच्या सुशीला परवडेल आणि शोभेल असे व्हिनेगर त्यांनी भरपूर प्रमाणात एदोला पोचवले. संग्रहालयात फुनाझुशीसारख्या जुन्या प्रकारांना आणि आग्नेय आशियातल्या मुळांना आणखी जागा मिळायला हवी होती. एदोनंतरचा प्रवासही तेथे घाईने संपतो. १९२३ च्या भूकंपात टोकियो उद्ध्वस्त झाल्यावर तेथले सुशी करणारे कारागीर आपापल्या गावी परतले आणि एदोची निगिरी देशभर पसरली. दुसऱ्या महायुद्धानंतर अन्नटंचाईमुळे १९४७ मध्ये खानावळींवर निर्बंध आले तेव्हा टोकियोच्या सुशीवाल्यांनी गिऱ्हाइकाकडून एक गो, म्हणजे सुमारे दीडशे ग्रॅम, तांदूळ घेऊन त्याच्या बदल्यात दहा नग करून देण्याची परवानगी मिळवली, आणि आजच्या नगाचा लहान आकार रुळायला त्याचाही हातभार लागला. १९५८ मध्ये ओसाकाजवळ शिराइशी योशिआकि यांनी बिअरच्या कारखान्यातला फिरता पट्टा पाहून तसाच पट्टा सुशीच्या दुकानात बसवला. ताईने नागोयात ज्या पट्ट्यावरून बशी उचलली होती त्याचा उगम तेथे आहे. युद्धानंतर चोथ्याचे तांबूस व्हिनेगर मागे पडून पांढरे व्हिनेगर आणि साखर यांनी भात चवदार करण्याची पद्धत रूढ झाली, त्यामुळे आज बहुतेक जपानी माणसांनाही सुशीचा भात पांढराशुभ्रच असतो असे वाटते. अलीकडे चोखंदळ सुशीवाले पुन्हा तांबूस व्हिनेगरकडे वळले आहेत.

तो भात चाखल्याशिवाय परत जायचे नाही असे आम्ही ठरवले होते. हांदातल्या एका लहान दुकानात, जेथे फळीसमोर मोजकीच आसने होती, आम्ही तांबूस व्हिनेगरची निगिरी मागवली. दुकानदार काका साठीच्या पुढचे असावेत. त्यांनी लाकडी पसरट भांड्यात गरम भात उलथला, त्यावर व्हिनेगर शिंपडले आणि लाकडी उलथन्याच्या कडेने भात कापल्यासारखा हलवत राहिले, एकाही शिताचा चिखल न होऊ देता. वाफेबरोबर वर आलेला वास हा सकाळी काचेजवळ घेतलेल्या वासाचाच होता, पण भाताच्या उष्णतेने तो मऊ झाला होता. भाताचा रंग फिक्या चहाचा. पहिला नग कोहादाचा होता. मासा खारट-आंबट, भात आंबट आणि मागून गोडसर; पांढऱ्या व्हिनेगरच्या भातात आंबटपणा जिभेच्या टोकाला लागून लगेच संपतो, तसा येथे संपत नव्हता, घास गिळल्यावरही टाळूवर रेंगाळत होता. उलट नाजूक पांढऱ्या मांसाच्या माशाबरोबर हा भात मला जरा वरचढ वाटला, माशाची चव झाकली गेली. टूनाला मात्र तो फार शोभला. ताईने काकांना खुणेनेच आणखी एक कोहादा मागितला.

जाणाऱ्यांना एक सुचवावेसे वाटते. संग्रहालयापासून चालत जाण्याच्या अंतरावर जुन्या कोठारात साकेचेही एक लहान संग्रहालय आहे, आणि तेथेही आधी कळवून जावे लागते. शक्य असेल तर ते आधी पाहावे. साके कशी होते, पिळल्यावर चोथा कसा उरतो, हे डोळ्यांनी पाहिलेले असले की व्हिनेगरच्या कोठारात तोच चोथा पिंपात भरलेला दिसल्यावर सगळी साखळी जुळते. आम्ही ते उलट क्रमाने पाहिले आणि तरीही दिवस पुरला. परतीची गाडी संध्याकाळची ठेवावी, म्हणजे मध्ये निवांत सुशी खायला वेळ राहतो.